बाटलीवरची जन्मतारीख

तीर्थरूप बाबा,
इतक्या लांबून वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते, आईला सांगा. खोली छान आहे. बोलायला कोणी नाही, म्हणून भांडी घासताना स्वतःशीच बडबडते.

आई शेजारीपाजारी सांगते तशी मी औषधाच्या दुकानात बसत नाही हं. आम्ही पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटासा तुकडा बनवून त्याला किरणोत्सर्गी अणू जोडतो. तो प्रोस्टेटच्या कॅन्सरला जाऊन चिकटतो आणि स्कॅनमध्ये गाठ उजळून दिसते. अणू बदलला की तोच तुकडा गाठ जाळतो. स्कॅनचं औषध तासाभरात निम्मं होतं, म्हणून प्रत्येकाचं त्याच सकाळी बनवावं लागतं.

पेशंट मला कधीच दिसत नाही. शिशाच्या भिंतीआड बाटली भरायची, लेबलवर त्याची जन्मतारीख लिहायची, संपलं. काल तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, "ही कुणाची तारीख?" मी तुमची लिहिली होती.

लेबल लगेच बदललं, औषधही वेळेत गेलं. बाई रागावल्या नाहीत, नुसता पाठीवरून हात फिरवला. सात महिन्यांत मला कुणाचा हात लागलाच नव्हता, हे तेव्हा कळलं.

आई म्हणते, तुम्ही रात्री लघवीला चार-चारदा उठता आणि डॉक्टरांचं नाव काढलं की चपला घालून बाहेर पडता. वय झालं म्हणे! बाबा, प्रोस्टेटसाठीची ती रक्ताची तपासणी याच आठवड्यात करा. आईला सोबत न्या.

तुमची जन्मतारीख मला पाठ आहे. ती त्या बाटलीवर मला पुन्हा लिहायची नाही.

तुमची,
धाकटी