ऐकतीची खुर्ची

४ मार्च
पोहोचले एकदाची! खोली बघून लहान मुलीसारखी पलंगावर उडी मारावीशी वाटली. पूर्वेला खिडकी, खिडकीशी टेबल, दाराला आतून कडी. भावाच्या घरी नऊ वर्षं बैठकीतल्या कोचावर झोपलेल्या बिनलग्नाच्या बाईला आणखी काय हवं? वहिनीलाही हायसं वाटलं असणार. निघताना तिने चक्क माझी बॅग उचलली.

काम आवडीचं आहे. ऐकती आईच्या पंथाला पंचवीस वर्षं होताहेत, त्याचा इतिहास लिहायचाय. या मठातलं सगळं मुकादम बाई बघतात. पूर्वी त्या एका लाँड्रीत मुकादम होत्या, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. मी मधे न बोलता ऐकून घेते याचं त्यांना फार कौतुक वाटलं.

९ मार्च
आज मुकादम बाईंनी सुरुवातीची हकीकत सांगितली. लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी सहा जणी असायच्या. त्यातली एक सगळ्यांची गाऱ्हाणी ऐकून घ्यायची. ती तापाने गेली. तिची खुर्ची हलवायला कुणाचा हात धजेना. एकीने जेवणाच्या सुट्टीत त्या रिकाम्या खुर्चीपाशी बसून नवऱ्याचं सगळं सांगून टाकलं आणि छातीवरचा धोंडा उतरल्यासारखी कामाला लागली. मग दुसरी, मग तिसरी. वर्षभरात शेजारच्या दोन लाँड्र्यांत तशाच खुर्च्या. कुणीतरी म्हणालं, ही साधी बाई नव्हे, ही ऐकती आई.

सांगता सांगता मुकादम बाई हसल्या. म्हणाल्या, "तिथं कुणी नव्हतं गं. म्हणून तर सांगता यायचं."

हेच पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य करणार.

१७ मार्च
या गावात आता घरटी एक खुर्ची आहे. पोस्टमन, बसचा कंडक्टर, दातांचा डॉक्टर, सगळ्यांच्या बायका पंथातल्या. रस्त्यात लोक मला हात जोडतात. संकोच वाटतो, पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटतं.

सभांच्या जुन्या वह्या वाचतेय. सातव्या वर्षी तक्रारी सुरू झाल्या. रिकाम्या खुर्चीने ऐकलं हे कळायचं कसं? बघायला डोळे हवेत, हलायला मान हवी. तेव्हापासून इथल्या मुख्य खुर्चीत बाई बसवतात. तिने बोलायचं नाही. तिची निवड कशी करायची याबद्दल दोनच ओळी आहेत: ‘बाहेरची असावी, मागे विचारणारं कुणी नसावं. मधे न बोलता ऐकून घेणारी असावी.’

वाचून हातातला चहा गार झाला. मग स्वतःलाच हसले. मन चिंती ते वैरी न चिंती.

२२ मार्च
दुपारी तळघरात चादरींच्या खोलीत गेले होते. तिथे एक म्हातारी घड्या घालत होती. गेल्या महिन्यापर्यंत खुर्चीत तीच होती, असं स्वैपाकीणबाईंनी सांगितलं. मी तिला नाव विचारलं. तिने माझं मनगट धरलं आणि बोलायलाच लागली. मी सासऱ्याचं औषध बदललं. मी बहिणीच्या बाळाला टाकून आले. मी नवऱ्याच्या ताटात– एकामागून एक, न थांबता, प्रत्येक वेळी ‘मी’. तासभर. त्यातलं एकही तिचं स्वतःचं नव्हतं, सगळं खुर्चीत बसून ऐकलेलं. शेवटी मी पुन्हा नाव विचारलं. तिने बराच वेळ आठवून बघितलं आणि रडायला लागली.

उद्या जाते मी. इतिहास गेला खड्ड्यात.

२३ मार्च
बस रिकामी होती. कंडक्टर म्हणाला, जागा नाही. मग खाली उतरून तो माझ्या पाया पडला. स्टँडवर दहा-बारा बायका जमल्या. कुणी ओरडलं नाही. एकीने बॅग घेतली, एकीने छत्री धरली. माहेरवाशिणीला आणावं तसं मला परत आणलं.

दाराची आतली कडी काढलेली आहे.

२६ मार्च
बसवलं. शाल हातांवरून घट्ट, गाठ खुर्चीच्या पाठीमागे. सकाळी आठ ते चार. रांग फाटकाबाहेर गेली होती. संध्याकाळी सोडतात, म्हणून हे लिहिता येतंय.

२९ मार्च
आज एका शिक्षिकेची पाळी होती. चांगल्या घरची वाटली. तिचं सांगून झाल्यावर मी हळूच म्हणाले, बाई, मला इथून बाहेर काढा, पोलिसांना सांगा. ती चपापली. मग माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून म्हणाली, "तू गेलीस तर मी कुणाला सांगू गं?"

तिने मुकादम बाईंना सांगितलं असणार. उद्यापासून तोंडावरही पट्टी.

६ एप्रिल
किती जणी झाल्या– मोजणं सोडलं. डोळे मिटले तरी कान मिटता येत नाहीत.

११ एप्रिल
मुलगा विहिरीत पडला तेव्हा मी फोनवर बोलत होते–

नाही. मला मूल नाही. ते मंगळवारच्या बाईचं.

मला भाऊ आहे. वहिनी आहे. कोच. नऊ वर्षं.

१४ एप्रिल
मुकादम बाई खोलीत आल्या होत्या. वही बघितली. नेली नाही. म्हणाल्या, राहू दे, आता काय–

१९ एप्रिल
मी भावाच्या घरून आले. सासूबाई जिन्यात उभ्या होत्या. हातात कपड्यांची बादली. मागे वळून म्हणाल्या, सूनबाई, जरा धर– आणि मी धरलं नाही, मी दोन्ही हातांनी–