भाचीचा अर्धा गुण

मु. सिहोरा

तीर्थस्वरूप सौ. रत्नाताईस,

धाकट्या वासुदेवचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष येऊन घातला असता, पण तू दारातूनच परत पाठवशील अशी पक्की खबर आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा उन्हाळी धानाचा रोवणा आटोपला का? हे सगळं फोनवरच विचारणार होतो. सात वेळा लावला, कोणी उचलला नाही. आठव्यांदा डिंपलने उचलला आणि "राँग नंबर, मामाजी" म्हणून ठेवून दिला. म्हणून हे पत्र भुपेंद्रच्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात घालून पाठवतो आहे. फाडायचंच झालं तर पत्र फाड, पत्रिका ठेव.

तुझ्या कानावर दिघोरीभर फिरून काय आलं ते मला ठाऊक आहे, पण खरी हकीकत अशी. कबड्डीच्या सामन्यांत यंदा शाळांची चिअरलीडिंग स्पर्धा ठेवायची ही कल्पना तुलारामची. तो आमच्या क्रीडा मंडळाचा अध्यक्ष, आणि टीव्हीवर जे दिसतं ते सिहोऱ्यात झालंच पाहिजे असा त्याचा हट्ट. तीन पंच हवे होते. एक पीटीचे मास्तर मिळाले, एक नाच शिकवणारी बाई नागपूरहून आली, तिसरा मी. का तर बावीस वर्षं शंकरपटात घड्याळ धरतो आणि एकाही बैलजोडीच्या मालकाने अजून माझ्यावर बोट ठेवलेलं नाही. आता त्यात माझं कर्तृत्व काय ते सांग. जोडी सुटली की कळ दाबायची, झेंडी पडली की पुन्हा दाबायची. बैल हसतमुखाने धावले का, असं मला आजवर कोणी विचारलं नाही. माझी भाची दिघोरीच्या संघात आहे हेही मी तुलारामला आधीच सांगितलं. तो म्हणाला, "वासुदेवभाऊ, बिननात्याचा पंच पाह्यजे म्हटलं तं रायपूरवरून आणा लागन. तुमाले बैलातलं समजते, मंग हे काहून नाही समजन?" मी फुगलो. स्तुती ऐकली की माणसाची अक्कल चरायला जाते, हे तू मला लहानपणापासून सांगत आलीस.

गुणांच्या कागदावर पाच रकाने होते: ताल, उड्या, पिरॅमिड (म्हणजे पोरी एकमेकींच्या खांद्यावर चढून डोंगर करतात तो), उत्साह आणि हसरा चेहरा. प्रत्येकाला दहा गुण. उत्साह मोजायचा कसा, असं मी नागपूरच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "फील करा काका." मी चहा येईपर्यंत फील करत होतो, काही लागलं नाही हाताला. पहिल्याच संघात एका पोरीच्या दातांना तारा होत्या, म्हणून ती ओठ मिटून हसत होती. मी तिच्या संघाला हसण्याचे सहा दिले, बाईंनी नऊ दिले. पोरगी तीच, तोंड तेच. पटात असे दोन घड्याळवाले निघाले असते तर लोकांनी आम्हाला दावणीला बांधलं असतं.

मग दिघोरीचा संघ आला. सुरू करण्याआधी प्रत्येक संघाने पंचांना नमस्कार करायचा असं ठरलं होतं. डिंपल पुढे आली आणि ताई, मी खुर्चीतून उठून तिच्या पाया पडलो. मी ठरवून नाही पडलो, कंबर आपोआप वाकली. भाची समोर आली की आपल्याकडे मामाने वाकायचं, हे त्या कंबरेला चौदा वर्षं शिकवलेलं, तिला पंचगिरी काय कळते? मग चिखल्याच्या संघाची कप्तान रुचिता, तिची आई बायजाबाई उठून ओरडली, "पंचच पाया पडून राह्यला, तं आमच्या पोरीईनं कायले उड्या माराव्या?" बाईचं काही चुकलं नाही. तिच्या जागी तू असतीस तर टेबल पालथं केलं असतंस. मी माईकवर जाऊन खुलासा केला, तेव्हा ज्यांना आमचं नातं ठाऊक नव्हतं त्यांनाही कळलं.

त्यानंतर सगळे माझ्या पेनाकडे पाहत होते. मी मनाशी म्हटलं, वासुदेव, आज नातं बाजूला. चिखल्याच्या पोरी सुरेखच नाचल्या, त्यांना हसण्याचे पूर्ण दहा दिले. दिघोरीला साडेनऊ दिले आणि शेरा मारला: "वर गेल्यावर हसू कमी." चिखला अर्ध्या गुणाने जिंकलं. कारभार उघडा असावा म्हणून तुलारामने आमचे कागद फळ्यावर टाचले, आणि माझा शेरा डिंपलने स्वतः वाचला.

आता ती म्हणते, भुपेंद्रदादाच्या लग्नात करवली होणार नाही. तेव्हापासून तुझी भावजय चंद्रकला मला जेवायला वाढते ती भिंतीकडे पाहून. एकुलत्या एका लेकाच्या लग्नात भाची करवली नाही, हे मला सहन होत नाही ताई, स्पष्टच सांगतो. तरीपण मी न्यायच केला, एवढं तिला समजावून सांग. न्यायापुढे भाची काय आणि परकी काय. भाऊजींना नमस्कार.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
वासुदेव

ता. क. भुपेंद्रने मोबाइलवर स्पर्धा टिपली होती. ती मी अकरा वेळा पाहिली. डिंपल वर उभी राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत हसते आहे. चांगली बत्तीशी दाखवून.

आणखी ता. क. वरच्या पत्रातलं न्यायाचं वाक्य खोडून वाच. पिरॅमिडच्या वेळी मी डोळे मिटून बसलो होतो. चार वर्षांची असताना ती तुमच्या अंगणातल्या पेरूवरून पडली, हात मोडला, आणि तिला चढवणारा मीच होतो. ती वर चढायला लागली आणि मला तेच दिसलं. टाळ्या वाजल्यावर डोळे उघडले, आणि जे पाहिलंच नाही त्याचा अर्धा गुण कापला. पक्षपाती दिसू नये म्हणून. निघताना ती मला एवढंच म्हणाली होती, "मामाजी, वरून मी तुमालेच पाहून राह्यली होती." ते तुला सांगायचं राहिलं होतं.

शेवटचं ता. क. हे सगळं मी काल तुलारामला लिहून दिलं. आता त्याने ते फळ्यावर टाचलं आहे. बायजाबाईचा निरोप आला की बरोबरी मान्य, कप सहा महिने दिघोरीला ठेवा, आणि त्या पंचाला पुढच्या वर्षी बैलाकडेच पाठवा. मलाही मान्य आहे. तू मात्र लग्नाला डिंपलला घेऊन ये. मांडवात ती समोर आली की मी वाकणारच, तिथे कोणी ओरडणार नाही. तिने हसावं असा माझा आग्रह नाही. पण हसलीच, तर या वेळी मामा मान वर करून पाहील म्हणावं.