पाहुण्यांचं पाणी

२३ मार्च
उद्या येणार! नेदरलँड्सच्या कॉलेजची बारा मुलं-मुली, आमच्या तांड्यावर, तीन दिवस — 'शाश्वत विकास' शिकायला. दुभाषी मी. माझ्या यवतमाळच्या कॉलेजचे सर म्हणाले, "काम नीट कर. पावसाळ्यानंतर आपल्यातली एक मुलगी तिकडे जाईल." आणि खरी गोष्ट वेगळीच — ते या भागातल्या एका वस्तीला पाण्याची टाकी आणि नळ देणार आहेत. इथे टँकर चौथ्या दिवशी येतो. आजच आला, आता सत्तावीसला.

तांड्याचे प्रमुख, भीमसिंग नायक, यांनी सगळं ऐकून घेतलं. "शाश्वत म्हंजे किती दिवस?"

मी म्हटलं, टाकी पहिल्याच दिवशी मागा. तर म्हणतात, "पहिले पाणी पाजू, मंग मागू. जातानी."

२४ मार्च
घरटी दोन हंडे! बायकांनी आपापल्या ड्रममधून काढून शाळेच्या टाकीत ओतले. पाहुण्यांना पाय धुवायला पाणी, आंघोळीला गरम पाणी. याडीने — कॉलेजात मी 'आई' म्हणते, घरी याडीच — आठवडाभर केस धुतलेले नाहीत.

हान्ना नावाची मुलगी गोड आहे. दात घासताना नळ बंद ठेवावा, असं तिने मला प्रेमाने शिकवलं. मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

२५ मार्च
हान्ना फॉर्म घेऊन ओसरीवर बसली. याडीने तिला पाण्याचा पेला दिला. तिने विचारलं, "सगळ्यांना पाणी पुरतं का?" मी याडीला विचारलं. याडीने डोळे वटारले.

"पुरते म्हन! पेला तिच्या तोंडाले लागला हाये. पिनाऱ्याले असं सांगते का कोनी? टाकीचं नायक बोलतीन उद्या."

मी "येस" म्हटलं. तिने फॉर्मवर खूण केली, खाली दुभाषी म्हणून माझी सही घेतली. मला त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. पण याडी समोर उभी होती.

२६ मार्च
गेले! काल उन्हाने दोघांना चक्कर आली म्हणून दुपारची गाडी पहाटेच निघाली. नायक पांढरंशुभ्र पागोटं बांधून आठ वाजता शाळेत हजर, भाषण पाठ करून. मला म्हणाले, "असे कसे गेले वं? अजून मागतलं कुठी?"

२८ मार्च
टँकर आलाच नाही.

४ एप्रिल
यवतमाळला जाऊन सरांना खरं सांगितलं. सर म्हणाले, "फॉर्मवर तुझीच सही आहे. आता खोटं होतं म्हटलंस तर पुढच्या वर्षी ते येणारच नाहीत. तुझं जाणंही विसर." संध्याकाळी हान्नाला ईमेल लिहिला. पाठवला नाही. लाज वाटते आहे.

५ एप्रिल
आजही नाही पाठवला.

६ मे
अहवाल आला. टाकी कळंबकडच्या एका गावाला. आमचा तांडा पान नऊवर — 'पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण'. खाली माझं नाव. नायकांनी पान उलटंसुलटं करून बघितलं. "फोटो झ्याक आला," म्हणाले. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

१४ मे
माझी निवड झाली. तिथे पंधरा मिनिटं बोलायचं. विषय त्यांनीच दिला आहे — 'आमच्या तांड्याला पाणी कसं पुरतं'. याडी वाकून ड्रमच्या तळाचं पाणी वाटीने काढत होती. आनंदाने तिथूनच ओरडली, "तिथी रोज केस धुजो, अंजू!"