तळमजल्यावरची चाकाची खुर्ची

३ नोव्हेंबर

नारळ कुजका निघाला! शासनाच्या पैशाने, वॉर्डातल्या नगरसेवक भाऊंच्या हस्ते, भर मंडपात स्वीकारलेलं श्रीफळ — फोडलं तर स्वयंपाकघरात उभं राहवेना. दानाचं फळ इहलोकीच मिळतं म्हणतात; त्याला वास असतो, हे कुठल्याच शास्त्रात सापडलं नव्हतं.

साखरेने आमच्या सौ. आशालतेचा पाय नेला. त्याबदल्यात आज चाकाची खुर्ची मिळाली. तिच्या पाठीमागे भाऊंचा फोटो. म्हणजे बसणारीला चाकं, ढकलणाऱ्याला दर्शन!

लाभार्थी फोटोत हवाच, असा नियम. बिल्डिंगला लिफ्ट नाही. चार पोरांनी हिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावरून उतरवलं. प्रत्येक मजल्यावर दारं उघडून लोक बघत होते. मी म्हणालो, "वा, देवीची पालखी निघाली!" ती हसली नाही.

४ नोव्हेंबर

खुर्ची घरात वळत नाही, दारं अरुंद. जिन्याखाली ठेवली. तासाभरात सोसायटीचे सेक्रेटरी हरेश्वर हजर.

"प्रल्हादराव, पार्किंगची पावती?"

"खुर्चीची?"

"चाकं आहेत ना? मग वाहनच."

"मग तुमच्या सिलिंडरच्या ट्रॉलीचं काय?"

"ती घरात असते."

न्यायशास्त्र वाचलं, पण असा नैयायिक पाहिला नव्हता. मूढ!

६ नोव्हेंबर

आमच्या पेपरच्या संपादकांना माझ्याकडून बातमी हवी — 'दिव्यांगांच्या साधनांवरचा सरकारी खर्च वाढला'. वाढलाय खरा. त्यात मंडप किती नि खुर्ची किती, विचारलं की समोरचा फोन ठेवतो.

रोग्याचा खर्चही वाढलाय, ती बातमी नाही. आमच्या विम्याने पाय कापायचे पैसे दिले. कृत्रिम पाय मात्र 'ऐच्छिक'. ऐच्छिक! जसा काही बाजूबंद! आचोळ्याचा असले पाय विकणारा दुकानदार म्हणाला, "सर, टेन्शन नाय, हप्त्यावर घ्या. आता सगळे पाय हप्त्यावरच नेतात."

बातमीतला नेमका एवढा मजकूर संपादकांनी कापला. विम्याशिवाय!

९ नोव्हेंबर

गास गावची भाजीवाली रोझलीन जिन्याखाली खुर्ची बघून वर आली.

"आमच्या चर्चमधी दोन खुर्च्या हायत. ज्याला लागंल तो नेतो, काम झालं का आनून ठेवतो. कोनाचा फोटो नाय."

"काम झालं म्हणजे?"

"बरा झाला, नायतर गेला."

आतून आशालता ओरडली, "कोथिंबिरीचा भाव विचारा आधी!"

११ नोव्हेंबर

पावती भरणार नाही. नाही म्हणजे नाही!!

१६ नोव्हेंबर

सर्वसाधारण सभा. मी एवढंच विचारलं, "रोग्याच्या खुर्चीला भाडं लावणारी सोसायटी — नावानिशी छापू का?" हरेश्वरांनी पाणी मागवलं. पावती माफ! वर प्रवेशद्वाराशी उतार बांधायचा ठराव!

या वयात जिना धावत चढलो. म्हटलं, "बाईसाहेब, जिंकलो! उद्या पोरांना बोलावतो, तळ्यापर्यंत चक्कर मारू."

ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "चार जणांनी उचलून न्यायचं ते एकदाच असतं. त्याचा सराव कशाला?"

१७ नोव्हेंबर

पोरांना निरोप दिला, येऊ नका.

भाऊ, हरेश्वर, विमा — सगळ्यांशी भांडता आलं. तिच्याशी काय भांडू? तिला आता कुठेच जावंसं वाटत नाही. मला फार भीती वाटते.