भिकाजीला दिलेली चार पोती

सर्वण,
१९ जुलै २०२५

चि. सिद्धीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझ्या सहाही मेंढ्या माझ्या गोठ्यात आहेत. तिघींना लस टोचलीस, तिघींना नुसते पाणी, आणि मग सगळ्यांनाच जंत पाजून गेलीस. बरी जनावरे आणून आजारी पाडायची, ही विद्या आमच्या वेळी कॉलेजात नव्हती!

लेंड्या चुना घालून पुरायला सांगितल्या होत्यास. मला पटले नाही. इतके चांगले खत मातीआड कोण करील? शेजारच्या भिकाजीला चार पोती दिली. त्याने ती गवताच्या तुकड्यावर पसरली. त्याच्या अकरा शेळ्या तिथेच चरतात. त्यांच्यावरच त्याचे घर चालते.

येताना हरमलची मिरची आण. लोभ आहे, तो वाढू दे.
तुझी आत्या,
पद्मावती

पेडणे,
२२ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. पत्र आत्ताच मिळाले. तू फोन उचलत नाहीस, म्हणून माझ्याबरोबर काम करणाऱ्या साईशला हे पत्र देऊन पहिल्या बसने पाठवते आहे.

हे जंत कुठल्याच औषधाने मरत नाहीत. म्हणून तर लस शोधतो आहोत. लेंड्यांतली अंडी पावसात फुटतात, पिल्ले गवतावर चढतात आणि जनावराच्या पोटात जाऊन रक्त पितात. भिकाजीला शेळ्या आजच बांधायला सांग. त्यांची खालची पापणी उलटून बघत जा. लाल असली तर ठीक, पांढरी पडली तर संपले. लस शेळ्यांवर अजून वापरून पाहिलेली नाही.

हे आधी सांगितले असते, तर तू मेंढ्या ठेवून घेतल्या नसत्यास. म्हणून गप्प राहिले. रागव, पण तोडू नकोस.
तुझी,
सिद्धी

सर्वण,
१७ ऑगस्ट

चि. सिद्धीस,
आशीर्वाद. साईश आला त्याच दिवशी भिकाजीकडे गेले. तो हसला, म्हणाला, तुमच्या भाचीचे शिक्षण जरा जास्तच झाले, खताने कुठे जनावर मरते? तरी माझ्या शब्दाखातर शेळ्या बांधल्या. आणि त्याच तुकड्यावरचे गवत कापून त्यांच्यापुढे टाकत राहिला. चारा कुठला, ते विचारायचे मला सुचले नाही.

चार मेल्या. उरलेल्या सातांच्या पापण्या मी स्वतः उलटून पाहिल्या. एकही लाल नाही. त्याची बायको आनंदी, ती रडली नाही. तिने एवढेच विचारले, की गवत फार माजले होते म्हणून तीन घरी भारे दिले, त्यांना काय सांगू?

त्या तीन घरी मी आता निघाले आहे. तू उद्याच ये. पण आधी भिकाजीच्या दारात जा. मी ऐकले नाही, ते मी त्याला सांगितले. तू लपवलेस, ते तू सांग.

लोभाचे त्यानंतर बघू.
पद्मावती