डबा रिकामाच परत करावा

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ८.१०
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. (नंदिनी, वाचत असशील तर खाली ठेव.)
व्हीआरएस घेऊन उलव्याच्या फ्लॅटमध्ये बसलो म्हणजे रिकामा बसलो असं नाही. बायकोच्या डब्यांना वेबसाइट काढून दिली. नाव : जयप्रकाश फूड सोल्युशन्स. ती म्हणाली, स्वयंपाक मी करते, तुमचं नाव कशाला? म्हटलं, सोल्युशन्स माझी.
कामाची वाटणी : नंदिनी स्वयंपाक. गव्हाणच्या पुतळाताई मासळी आणि स्कूटरवरून डिलिव्हरी. मी कस्टमर सपोर्ट. म्हणजे खरी जबाबदारी माझ्यावर.
संकल्प : प्रत्येक तक्रारीच्या मुळाशी जायचं. आणि गोड बंद. डॉक्टरांना शब्द दिलाय. खिशात श्रीखंडाच्या गोळ्या आहेत, त्या फक्त चक्कर आली तर.

५ नोव्हेंबर, बुधवार
पहिली तक्रार. सेक्टर १९, मोनाली ठाकूर. लिहिते, डबा मस्त, पण सासूबाईंना कांदा-लसूण चालत नाही वगैरे लिहायला फॉर्ममध्ये जागा पुरत नाही.
जागा वीस अक्षरांची आहे. मीच ठेवलीय. वीस अक्षरांत मावत नाही असं या बाईला नक्की काय सांगायचंय?
उत्तर पाठवलं : सासूबाई असल्याचा पुरावा जोडावा.
जरा चक्कर आल्यासारखं वाटलं. एक गोळी घेतली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी ३
परत आलेले डबे तपासले. हादरलो. एकात दोन चकल्या. एकात पेरू. एकात कढीपत्ता. मोनालीच्या डब्यात रव्याचा लाडू!
लाच? की कुणाचं सॅम्पल? बी विंगमधला प्रसाद केळकर पोळीभाजी केंद्र काढणार अशी कुजबुज आहे. परवा लिफ्टमध्ये माझ्याकडे बघून हसला. कारण नसताना.
नंदिनी म्हणाली, अहो, भरून आलेला डबा कुणी रिकामा परत देतं का? तुमच्या आईंनी शिकवलं नाही का? पुतळाताई म्हणाल्या, "काका, लोकांच्या पोटाला बरं वाटलंय, म्हनून देतान. तुमाला कसला टेन्शन हाय?"
आई शिकवायची. पण आईच्या काळी सायबर क्राइम नव्हता.
लाडू पुरावा म्हणून बाजूला ठेवला होता. तपासणीत संपला.

८ नोव्हेंबर, शनिवार
वेबसाइटवर लाल अक्षरांत नियम टाकला : डबा धुऊन, रिकामाच परत करावा. आत वस्तू आढळल्यास ग्राहकाची चौकशी होईल.
नंदिनीला दाखवला नाही. सरप्राइज.

११ नोव्हेंबर, मंगळवार
सगळे डबे रिकामे आले. नियम लागू पडला.
तक्रारी मात्र ढीगभर. 'आम्ही काय चोर आहोत का?' 'जेवणाला पाच स्टार, कस्टमर केअरला एकही नाही.' 'प्लीज, नंदिनीताईंचा डायरेक्ट नंबर मिळेल का?' ही शेवटची सर्वांत गंभीर. ताईंशी डायरेक्ट काय बोलायचंय?
सर्वांना एकच उत्तर : आपली तक्रार मिळाली. आपण प्रसाद केळकर यांना ओळखता का? हो / नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार
नंदिनीला नियम कळला. निम्मे डबे बंद झालेत म्हणे. म्हणाली, "इतकी वर्षं दुसऱ्यांच्या ऑफिसात टायपिंग केलं. हे एक माझं स्वतःचं होतं. ते बुडवू नका हो."
डोळ्यांत पाणी होतं. कांदा चिरत असावी.
सायंकाळी : ती मोनालीच्या सासूबाईंचा डबा भरत होती. त्यात कांदा नसतो. नोंद करून ठेवतो. अर्थ नंतर लावू.

१५ नोव्हेंबर, शनिवार
आज तक्रारी शून्य. ऑर्डरीही शून्य, पण तो सर्व्हरचा प्रश्न असणार. होस्टिंगवाल्यांना मेल टाकली. त्यांचं उत्तर आलं, 'आपल्या समाधानाबद्दल रेटिंग द्या.' आधी समाधान तरी द्या.

१७ नोव्हेंबर, सोमवार
पुन्हा शून्य. इतकी समाधानी गिऱ्हाइकं देशात कुणाकडे नसतील.
एक खटकतंय. सकाळपासून कुकरच्या शिट्ट्या थांबत नाहीत. नंदिनीला विचारलं, एवढं कुणासाठी? म्हणाली, सराव करतेय. पुतळाताई दोन गच्च पिशव्या घेऊन निघाल्या. कुठे, विचारलं. "फिराया," म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.
प्रसादने दोघींना फोडलंय.

१९ नोव्हेंबर, बुधवार
उलगडा झाला. नंदिनीचा फोन चार्जिंगला होता. व्हॉट्सअॅप ग्रुप : 'नंदिनीताईंचा डबा'. आपली सगळी गिऱ्हाइकं त्यात. अॅडमिन मोनाली. खाली ग्रुपचा नियम : 'डबा रिकामा पाठवू नये.' प्रसाद केळकर कुठेच नाही. बाहेरून चालवत असेल.
मला घेतलेलं नाही. वाईट वाटलं. मग राग आला. मग प्लॅन सुचला.
नवं सिम घेतलं. नाव अभय. डबा शेजारच्या सोसायटीच्या वॉचमन केबिनवर ठेवायला सांगितला. नंदिनीचं उत्तर लगेच : 'हो अभयजी. काही पथ्य?' मला कधी 'जी' म्हणाली नाही.
लिहिलं, पथ्य नाही. गोड चालतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी १.३०
डबा ताब्यात. शेजारच्या पार्किंगमधल्या कट्ट्यावर बसून तपासणी. कोलंबीचं कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी, शेवयांची खीर.
घरी मी लॅपटॉपसमोर जेवतो. तक्रारी वाचत. काल ताटात काय होतं, आठवत नाही. आज समोर फक्त डबा. कालवण संपल्यावर डबा भाकरीनं पुसून घेतला. तोही तपासणीचाच भाग. दोष सापडला नाही. बराच शोधला.
डबा नळावर धुतला. पण रिकामा परत द्यायला हात धजेना. आई आठवली. खिशात चाचपलं. दोन श्रीखंडाच्या गोळ्या होत्या, त्याच टाकल्या आणि डबा पुतळाताईंसाठी केबिनवर ठेवला.

दुपारी २.१५
अभिप्राय पाठवायचा तर 'ताई' लिहिणं बरं दिसेना. नुसतं लिहिलं : जेवण फार सुंदर होतं. असं रोज मिळतं त्याचं नशीब.

सायंकाळी ५
नंदिनीचं उत्तर : 'थँक्यू. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा सांगितलंत. उरलेल्या गोळ्या वॉचमनला देऊन टाका, उद्यापासून अभयच्या डब्यात खीर नाही. आणि डबा चांगला धुता येतो तुम्हाला. इथे ओटाभर पडलेत. वर या.'

सायंकाळी ७.३०
सगळे धुतले. रिकामा एकही नव्हता, आतलं आधी काढून ठेवावं लागतं. लाडवाला मी हात लावला नाही. ती बघत होती.
विचारलं, मला ग्रुपमध्ये यायचं असेल तर अर्ज कुठे करायचा? हात पुसत म्हणाली, वीस अक्षरांत लिहून द्या, बघते.
लिहिलं : उद्या मलाही डबा द्या.
मावलं. जागाही उरली.
उत्तर अजून आलेलं नाही.