अळणी भाजी

१४ नोव्हेंबर

ती. आई,

दोन महिने पत्र नाही, माझंच चुकलं. या नव्या गावात मी बरी आहे. दोन्ही वेळा घरमालकीणबाईंकडेच जेवते.

‘इथले लोक अळणी खातात,’ असं मी पहिल्याच आठवड्यात डायरीत लिहून टाकलं आणि घरमालकीणबाईंकडून मिठाची बरणी मागून घेतली. काल शेजारचे शिंपीकाका हसले. “अहो बाई, सगळा गाव कशाला अळणी खाईल? तुमच्या घरमालकीण वहिनींच्या मिस्टरांना मीठ बंद होतं. आठ वर्षं दोघं एकाच भांड्यातलं जेवले. ते गेले, तरी वहिनींचा हात मिठाकडे जात नाही.”

तुझं मीठ बंद झालं तेव्हा आम्ही तुझी भाजी वेगळी काढली. त्यातला घासही कधी खाल्ला नाही. आता तुझ्याबरोबर जेवायला कोणी बसतं का?

तुझी थोरली

(त्याच रात्री, डायरीत) उद्या: मिठाची बरणी परत करणे.